माळ्यावर आजोबांची पत्र्याची खेळणी सापडलीत, घासून साफ करू की तशीच ठेवू?

मृदुला_सातारकर:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे धागा काढतेय.

साताऱ्याचं आमचं जुनं घर आता पाडायचंय त्यामुळे गेल्या शनिवार-रविवारी मी, आत्या आणि चुलतभाऊ मिळून माळा रिकामा करत होतो. फुटके पाट, काचा नसलेले कंदील, घंगाळ असलं सगळं काढता काढता कोपऱ्यात एक काळी ट्रंक निघाली, वर आजोबांची धोतरं आणि खाली वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळलेली पत्र्याची खेळणी. अकरा नग. आत्या तिथेच शिडीच्या पायरीवर बसली आणि त्यातली कोंबडी हातात घेऊन कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

काय काय आहे ते सांगते. एक हिरवी जीप, माझ्या तळहाताएवढी, तिच्या पोटाखाली बारीक अक्षरात 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं आहे. एक बंद टपाची मोटार, वीतभर लांब, रंग बराच उडालाय, मागे बी आणि त्याच्याखाली डब्ल्यू असा शिक्का आणि 'जर्मनी'. एक चावीची कोंबडी जी दाणे टिपते, म्हणजे टिपायची, तिच्यावर कुठेच काही लिहिलेलं नाही. पोट दाबलं की टक्क वाजणारे दोन बेडूक, दिव्यावर चालणारी बोट, ढोल वाजवणारा ससा ज्याचा एक हात गेलाय, भातुकलीतला पत्र्याचा स्टोव्ह, आगगाडीचे दोन डबे पण इंजिन नाही, आणि एक भोवरा ज्याच्यावर गोल फिरणारे सर्कशीतले हत्ती छापलेत.

भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. चुलतभावाने फोटो ऑनलाइन टाकले तर एकाचा लगेच मेसेज आला की फक्त मोटार द्या, मी नवा रंग मारून घेतो मग तिला किंमत येईल. मला विकायची नाहीत. पण मला हेही कळत नाहीये की ठेवायची तर कशी ठेवायची. जीपच्या खाली गंज आहे, कोंबडीच्या पाठीवर काळपट थर बसलाय. घासू का? पॉलिश करू का? आणि यांचा अभ्यास कुणी करतं का हो, म्हणजे मूर्ती, नाणी, हत्यारं यांचा करतात तसा? आमच्या घरात कुणालाच माहीत नाही की साताऱ्यासारख्या गावात जर्मनीची मोटार आली कशी.

सह्याद्रीचा_वारा:

मस्त खजिना आहे ताई. आम्ही शिलाई मशीनचा गंज काढायला रॉकेलात बुडवून ठेवायचो रात्रभर, सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं की लखलखीत. नंतर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. करून बघा.

कथील_कल्हई:

मृदुलाताई, रॉकेल नको. हात जोडून सांगते, रॉकेल नको, लिंबू नको, चिंच-मीठ नको, पितळ चमकवायची पावडर तर अजिबातच नको. वारा, तुमचं मशीनचं बरोबर आहे, ते बिडाचं असतं, त्याला ते चालतं. हे वेगळं प्रकरण आहे. मी धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्याला आपण पत्रा म्हणतो तो लोखंडाचा म्हणजे पातळ पोलादाचा पत्रा, त्यावर कथिलाचा अगदी पातळ मुलामा. आपल्या आज्या पितळी भांड्यांना कल्हई लावून घ्यायच्या ना, नवसागर टाकून, धूर यायचा आणि भांडं आतून पांढरं व्हायचं, तेच कथील. फरक एवढाच की इथे कल्हई लोखंडावर आहे. आणि गंमत बघा, छपरासाठी जो जस्ती पत्रा येतो त्याला ओरखडा गेला तर जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. कथील तसं करत नाही. कथिलाला ओरखडा पडून खालचं लोखंड उघडं झालं की ओलीत गंज सगळा त्या लोखंडावरच येतो आणि त्या एका टाचणीएवढ्या जागेतून आत शिरत जातो. म्हणजे तुम्ही टूथब्रशने घासून जो लख्खपणा आणाल तो खरं तर शंभर नवी दारं उघडून ठेवल्यासारखा आहे.

दुसरं, रंग. तुमच्या कोंबडीवरची पिसं कुणी ब्रशने रंगवलेली नाहीत, ती छापलेली आहेत. पत्र्यावर शाईचा थर आणि वरून वार्निश, सगळं मिळून केसापेक्षा पातळ. तो काळपट थर म्हणताय तो बऱ्याचदा म्हातारं झालेलं वार्निशच असतं. रॉकेलाने ते मऊ पडतं आणि पुसताना खालची पिसंच फडक्याला लागून येतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, एका घरच्या लोकांनी प्रेमाने साफ करून आणलेला माकडाचा चेहरा, डोळेच गेलेले, त्यावर कुणालाच काही करता आलं नाही.

मग करायचं काय, तर फारच कमी. हात धुऊन कोरडे करा किंवा दवाखान्यात वापरतात ते निळे नायट्राइलचे हातमोजे घाला कारण घामातल्या मिठाने बोटाचा ठसा कायमचा उमटतो. मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश घ्या आणि कोरडाच फिरवा, धूळ एका बाजूला सारत. पाणी नाही. जिथे पत्र्याचे कान, म्हणजे जोडायच्या छोट्या पट्ट्या, फटीतून घालून वाकवलेले असतात तिथे पाणी शिरलं की बाहेर येत नाही, आतून खात राहतं. सुटा गंज भुरभुर पडत असेल तर तेवढा ब्रशने खाली पडू द्या, पक्का असेल त्याला हात लावू नका.

चावी फिरवू नका! हे मला ओरडून सांगायचंय. सत्तर वर्षं बसून असलेली स्प्रिंग आतून गंजलेली असते, दोन आटे दिले की तुटते आणि तुटताना आतली दातेरी चक्रं घेऊन जाते. आगगाडीच्या डब्यांची चाकं बघून घ्या, ओतीव जस्ताची असतील आणि बारीक भेगा दिसत असतील तर त्यावर उभी करू नका, आडवी ठेवा. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रणात शिशाची भेसळ राहिली की चाक आपोआप फुगतं आणि तडकतं, त्याला उपाय नाही.

ती वर्तमानपत्रं आधी काढा. फेकू मात्र नका, तारीख बघा, खेळणी कधी गुंडाळली ते त्यावरून कळेल. पण परत त्यात गुंडाळू नका, त्या कागदात आम्ल असतं. लाकडी कपाटही नको. डांबरगोळ्या नकोत, रबरबँड नकोत. बाजारात जाड पॉलिप्रॉपिलीनचे झाकण घट्ट बसणारे डबे मिळतात त्यात आम्लविरहित पांढऱ्या टिशूत ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं ते छोटं मीटर. आकडा ४०-५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच ८०-८५ टक्के आर्द्रता असते, त्यामुळे जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या बदलायच्या, बदललेल्या गरम करून कोरड्या केल्या की परत वापरता येतात.

आणि त्या रंगवून देतो म्हणणाऱ्याला मोटार देऊ नका. नवा रंग मारला की ती मोटार कोणी, कधी, कुठल्या छपाईने केली याचा पुरावा संपला. लहान मुलं असतील घरात तर त्यांच्या हातात देऊ नका, जुन्या रंगात आणि झाळणीत शिसं असतं.

वाशिष्ठीकाठी:

वरच्या ताई पाण्याबद्दल बोलल्या ते अगदी खरं आहे म्हणून माझं सांगतो. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला घरात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात माझ्या वडिलांचं चावीचं विमान आणि दोन पत्र्याच्या बस होत्या. चिखलातून दोन दिवसांनी काढल्या. मी काय केलं, नळाखाली धुतल्या आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत घातल्या. चार दिवसात बसच्या खिडक्यांमधली छापलेली माणसं, म्हणजे खिडकीत बसलेले प्रवासी हो, एकेक करून पापुद्रा सुटून गळून पडले. खाली नुसता तपकिरी पत्रा. विमान वाचलं कारण ते धुवायचं राहून गेलं होतं, चिखलासकट सुकलं, नंतर ब्रशने झटकलं तर पंखावरचा आकडा अजून वाचता येतो. कुणाचं असं भिजलं तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, टिपकागदाने टिपून घ्या, उन्हात टाकू नका. त्या प्रवाशांमध्ये एक पगडीवाला होता, वडील त्याला बाळंभट म्हणायचे. मृदुलाताई, आज तुमच्या अकराचे फोटो काढा, उद्यावर ढकलू नका.

न्युरेंबर्गहून_निनाद:

बी खाली डब्ल्यू म्हटल्यावर मी जेवण सोडून लिहायला बसलोय! मी गेली नऊ वर्षं न्युरेंबर्गमध्ये राहतो आणि तुमची मोटार बहुतेक माझ्या घरापासून काही किलोमीटरवर बनलेली आहे.

ते बिंग. इग्नाझ आणि अडॉल्फ बिंग या दोन भावांनी १८६० च्या दशकात धंदा सुरू केला, आधी स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी वगैरे, मग खेळणी, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी ही जगातली सगळ्यात मोठी खेळण्यांची कंपनी होती. जुन्या मालावर त्यांची खूण जी बी एन असायची, म्हणजे बिंग बंधू न्युरेंबर्ग. महायुद्धानंतर कंपनीचं नाव बिंग वेर्के झालं आणि १९१९ पासून बी डब्ल्यू. मग जागतिक मंदी आली आणि १९३२-३३ पर्यंत सगळं बंद पडलं. म्हणजे तुमची मोटार या मधल्या तेरा-चौदा वर्षांतली. शिक्क्यानेच तुम्हाला एवढं सांगितलं, आणि मोटार रंगवून घेतली असती तर तोच आधी गेला असता.

साताऱ्याला कशी आली याला फार गूढ नाही. त्या काळात जर्मन माल मुंबई बंदरात भरपूर उतरायचा. 'जर्मनी' असं छापलेलं का असतं, तर १८८७ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की परदेशी मालावर देश लिहायचा, हिंदुस्थानातही १८८९ साली तसाच व्यापारचिन्हांचा कायदा आला. (आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं पातेलं म्हणतात त्याच्याशी घोळ करू नका, चुंबक लावून बघा, पत्र्याचं खेळणं चुंबकाला चिकटतं, अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही.)

अभ्यास होतो का विचारलंत. इथे शहराचं स्वतःचं खेळण्यांचं म्युझियम आहे, १९७१ ला उघडलं, लिडिया आणि पॉल बायर या नवराबायकोने जमवलेल्या संग्रहातून. मी पहिल्यांदा मुलीला घेऊन गेलो तेव्हा वाटलं होतं तासाभरात उरकेल, संध्याकाळी बंद होईपर्यंत आम्ही आतच. एकेका खेळण्याखाली कंपनी, साल, कशाने चालतं. तिथे मला पहिल्यांदा उमगलं की हा नुसता लहानपणीच्या आठवणींचा विषय नाही, यात शहराचा सगळा इतिहास आहे. न्युरेंबर्गच्या कारखानदारांत बरेच ज्यू होते. टिप अँड कंपनीचे फिलिप उलमान १९३३ ला सगळं मागे टाकून इंग्लंडला गेले आणि नॉर्दम्प्टनमध्ये त्यांनी मेटॉय सुरू केली, ज्या कंपनीने पुढे १९५६ ला कॉर्गी नावाच्या छोट्या खेळण्यातल्या मोटारी काढल्या. आपल्यातल्या कित्येकांकडे कॉर्गी असेल, ती कुठून निघून आली हे कुणाला माहीत असतं? ब्रांडेनबुर्गच्या लेमान कंपनीचं तर उलट, महायुद्धानंतर कारखाना सोव्हिएत भागात राहिला, तो सरकारने घेतला आणि मालक इकडे न्युरेंबर्गला येऊन नव्याने उभे राहिले. १९४५ नंतरच्या चारेक वर्षांत इथल्या मालावर 'यू एस झोन जर्मनी' असं छापायचे. तुमच्या जीपवर ऑक्युपाइड जपान आहे आणि इकडे यू एस झोन, हरलेल्या दोन देशांची लेकरांची खेळणी.

बाकी भागांवर डी आर जी एम अशी अक्षरं दिसली तर ती कंपनी समजू नका, ती नोंदणीची खूण आहे, पुष्कळ जण फसतात. आणि मोटार विकायची नाही म्हणालात ते उत्तमच पण कधी मन बदललंच तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी थांबा, आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती बाहेर नेता येत नाही. तुमची मोटार त्या उंबरठ्यावरच आहे.

मृदुला_सातारकर:

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं होतं एखाददुसरं उत्तर येईल. रॉकेल लावलेलं नाही, काळजी नसावी. वर्तमानपत्रं उलगडली तर १९६४ ची निघाली, म्हणजे बाबा कॉलेजला गेले त्या वर्षी आजीने ही खेळणी बांधून ठेवली असणार. चुंबक लावलं, अकराच्या अकरा चिकटली. बाळंभटाचं वाचून आत्याला फोन केला.

जीपबद्दल कुणी सांगेल का? आणि फोटो कसे काढायचे, नुसते मोबाईलवर चालतील?

योकोहामाची_सई:

चालतील की. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप नको, पांढऱ्या कागदावर ठेवून सहा बाजूंनी, शेजारी फूटपट्टी. शिक्का असेल तिथे वेगळा जवळून. पोटाखालचा विसरू नका, सगळी माहिती पोटाखालीच असते.

जीपचं सांगते. त्या छापाने साल जवळजवळ ठरतंच, १९४७ ते १९५२. तेव्हा जपान अमेरिकनांच्या ताब्यात होता आणि निर्यातीच्या मालावर तसं लिहायला लागायचं. एप्रिल १९५२ ला ताबा संपला आणि ते शब्दही गेले. पण जीपच का, बाहुली का नाही, याची गोष्ट मला फार आवडते. मात्सुझो कोसुगे नावाचे खेळणी करणारे कारागीर युद्धात ओत्सु गावी जाऊन राहिले होते. युद्ध संपलं, शहरं जळालेली, पत्रा कुठेच नाही. अमेरिकन सैनिक जीपमधून हिंडायचे आणि खाऊन झालेले डबे टाकून द्यायचे. कोसुगेंनी रस्त्यावरची जीप बघून तिचा छोटा नमुना केला, त्याच रिकाम्या डब्यांचा पत्रा सरळ करून. डिसेंबर १९४५ ला क्योटोच्या एका दुकानात ती दहा येनला विकायला आली आणि लोकांनी रांगा लावल्या. युद्ध संपून चारच महिने झाले होते हो! तुमची जीप नेमकी त्यांचीच आहे असं मी म्हणत नाही, पुढे पुष्कळांनी जीप केल्या, खाली टी एन, टी एम किंवा नुसतं वाय असं छोटं चिन्ह सापडतंय का बघा, ती नोमुरा, मासुदाया आणि योनेझावा यांची चिन्हं. पण घराणं तेच.

इथे योकोहामात यामातेच्या टेकडीवर तेरुहिसा किताहारा यांचं पत्र्याच्या खेळण्यांचं म्युझियम आहे, १९८६ पासून. छोटंसं घर आहे, आत गेलं की भिंतीभर रोबो, विमानं, मोटारी. त्यांनी हे जमवायला घेतलं तेव्हा जपानी लोक स्वतःच ही खेळणी फेकून देत होते, साठच्या दशकात प्लास्टिक आलं आणि टोकियोच्या पूर्वेकडच्या सुमिदा, कात्सुशिका भागातल्या घरगुती वर्कशॉपना काम उरलं नाही. एक माणूस दुकानांच्या मागे पडून राहिलेला माल शोधत हिंडला नसता तर आज ते एवढं एकत्र बघायला मिळालं नसतं.

हल्ली नव्या नकला पण खूप येतात. फुलीचा स्क्रू दिसला, बारकोड दिसला, रंग फारच गुळगुळीत दिसला तर नवीन समजायचं. जुनं खेळणं स्क्रूने नाही, कान वाकवून जोडलेलं असतं.

छपाईतले_काका:

मी हा धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहितो. टायपिंगची सवय नाही, चुका समजून घ्या.

मी मुंबईत पत्र्याच्या डब्यांच्या छपाईत एकतीस वर्षं काढली, शेवटी मशीनमन होतो. आमच्याकडे बिस्किटं, चहा, तूप, गोडेतेल यांचे डबे छापायचे. खेळण्याची छपाई त्याच पद्धतीची, म्हणून सांगतो. पत्रा आधी सपाट असतो, शीट. त्याच्यावर आधी कोटिंग, मग एकेक रंग, प्रत्येक रंगानंतर शीट ओव्हनमधून जायची, सुकायची, मग पुढचा रंग, सगळ्यात शेवटी वार्निश. आणि मग कुठे डाय म्हणजे साचा आणि प्रेस. म्हणजे चित्र आधी, आकार नंतर. आता विचार करा, सपाट शीटवर सशाचा चेहरा छापलाय आणि प्रेस त्याला फुगवून गोल करणार. मधला भाग ताणला जातो. म्हणून चित्र काढणारा माणूस चेहरा मुद्दाम वेडावाकडा काढायचा, डोळे जवळ, गाल आखूड, सपाट शीटवर बघितलं तर भूत दिसायचं. प्रेस मारला की तेच तोंड गोड. ते डोक्यातून काढणारे आर्टिस्ट होते, त्यांची नावं कुठे नाहीत. रजिस्टर हललं, म्हणजे एक रंग दुसऱ्यावर नीट बसला नाही, तर सशाची लाल जीभ मिशीवर जायची आणि सगळी शीट बाद.

बाद शीट कुठे जायची? इथेच तुमच्या कोंबडीचं उत्तर असू शकतं मृदुलाबेटा. मिसप्रिंट पत्रा भंगारात निघायचा आणि छोटे कारखानदार तो किलोवर घेऊन जायचे. छापलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर, तिच्यावर स्वतःचा रंग. देशी खेळणं ओळखायची माझी पहिली रीत ही, आत बघायचं. कोंबडीची चोच जिथून आत जाते तिथे फट असते. बारीक टॉर्च लावून आत डोकावा, फोनच्या लाईटनेही दिसेल. शिक्का नाही म्हणून निराश होऊ नका.

बोटीचं कुणी काही बोललं नाही. ती जत्रेतली आगबोट. कथील ताई स्प्रिंगला हात लावू नका म्हणाल्या, बोटीला स्प्रिंगच नाही, एकही फिरणारा भाग नाही. आत पातळ पत्र्याची डबी, तिच्यातून दोन नळ्या मागे पाण्यात. नळ्यांतून डबीत पाणी भरायचं आणि खाली तेलाची वात. पाण्याची वाफ होते, नळीतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे. ढकलून झालं की वाफ थंड होऊन परत पाणी आत ओढलं जातं. मग बोट मागे का येत नाही? कारण ढकलताना पाणी एका धारेत सरळ मागे जातं आणि ओढताना चहूबाजूंनी येतं. डबीचा वरचा पातळ पत्रा दर झटक्याला आत-बाहेर होतो तोच फटफट आवाज. हिचं पहिलं पेटंट थॉमस पियो यांनी १८९१ साली इंग्लंडात मागितलं आणि आपल्या जत्रेत ती एखाद्या गाडीवाल्याच्या परातीत फिरत असायची. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं, ते मी बघायला गेलो होतो आणि मला आमचे भंगारवाले कारखानदारच आठवले.

तुमची बोट मात्र आता पेटवू नका. नळीची झाळण सुटलेली असेल.

कथील_कल्हई:

काका, हे तुम्ही लिहिलंत त्याचं मोल फार आहे. आम्ही भिंगातून ठिपके मोजून जे शोधत बसतो ते तुम्ही हाताने केलंय. जर्मनी-जपानच्या कारखान्यांची म्युझियम झाली, पण आपल्याकडे पत्रा छापणाऱ्या, डाय करणाऱ्या माणसांचं बोलणं कुणी टिपून ठेवलं? तुमची हरकत नसेल तर तुमच्याशी सविस्तर बोलून रेकॉर्ड करायचंय. शीट, कोटिंग, रजिस्टर, मिसप्रिंट हे शब्द, कुठल्या मशीनवर किती रंग, सगळं. आणि घरात एखादी जुनी शीट राहिली असेल तर कृपा करून टाकू नका.

मृदुलाताई, तुम्ही मला कुठे द्यावं असं विचारलं नाहीत पण पुढे विचार आलाच तर सांगते. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि गेलेल्या मुलाच्या नावाने राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा रोजच्या वापरातल्या वस्तू संग्रहालयात जातच नाहीत असं मानू नका. पण कुठेही न्यायच्या आधी यादी करा. प्रत्येक नगाला एक नंबर, तो चिकटवायचा नाही, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. मोजमाप, शिक्के, काय मोडलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी आणलं, कुणासाठी, कुठून, आणि हे कुणी सांगितलं. ज्याच्यासोबत ही चिठ्ठी नाही तो संग्रहालयातही नुसता पत्राच.

छपाईतले_काका:

हरकत कसली, या. माझ्याकडे एक शीट आहे, चहाच्या डब्याची, हिरवा रंग हललेला. बायको तीन वेळा टाकायला निघाली होती.

मृदुला_सातारकर:

काल रात्री टॉर्च लावला काका. कोंबडीच्या आत, चोचीच्या फटीतून, पिवळ्या जमिनीवर उलटी अक्षरं दिसली. सगळी वाचता येत नाहीत पण 'निव्वळ वजन' एवढं स्पष्ट आहे आणि त्याच्या बाजूला अर्धं पान, बहुतेक चहाचंच. मी आणि नवरा जमिनीवर झोपून आत बघत होतो. म्हणजे आमची कोंबडी इथलीच!

आत्याला आज व्हिडिओ कॉलवर एकेक दाखवलं. ती एकोणऐंशीची आहे. बोट आणि कोंबडी पालीच्या खंडोबाच्या यात्रेतून, आजी भंडाऱ्याने पिवळी झालेली पिशवी धुवायच्या आधी त्यातून कोंबडी काढून द्यायची विसरली आणि आत्या रात्रभर रडली. म्हणून कोंबडीच्या पायाशी तो पिवळा डाग, मी तो पुसायला निघाले होते. मोटार आजोबांना त्यांच्या वडिलांनी आणलेली, मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती, ती देवघराच्या वरच्या फळीवर असायची. आजोबा मुंबईत बंदरावर क्लार्क होते, जीप त्यांनी एका गणपतीला आणली. आम्ही सगळे आजवर धरून चाललो होतो की ती बाबांची. आत्या म्हणाली, "तुझ्या बापाची कसली, माझी होती. त्याने दाराच्या फटीतून पलीकडे ढकलली आणि चाक वाकवलं. मी सांगितलं नाही कुणाला, मार बसला असता त्याला."

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

पहिली चिठ्ठी बांधली. ताई, अशी चालेल का बघा:

नंबर १. जीप, पत्र्याची, हिरवी, लांबी ९.५ सेंमी. पोटाखाली 'मेड इन ऑक्युपाइड जपान', दुसरं चिन्ह सापडलं नाही. आजोबांनी मुंबईहून आणली, आत्या सहा वर्षांची असताना, गणपतीत. पुढचं डावं चाक वाकडं, धाकट्या भावाने दाराखालून ढकलताना. सरळ करू नये. सांगणार: आत्या.